आमच्या फळीवरचा रेझर

नामदेव घरत यांच्याबद्दल मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही. प्रसंग आले नाहीत असं नाही. खारघरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून तर असे प्रसंग वरचेवर येतात. बाथरूममध्ये आरशाखाली माझा जुना पोलादी रेझर असतो, शेजारी ब्रश आणि साबणाची वाटी. पाहुणे हात धुवायला जातात आणि बाहेर येऊन विचारतात, "काका, अजून यानंच दाढी करता?" मी सांगतो की त्या दोन-तीन पात्यांच्या प्लॅस्टिकच्या रेझरनी गळ्याला पुटकुळ्या येतात, म्हणून डॉक्टरांनीच एका पात्यावर परत जायला सांगितलं. हे खरं आहे. मग कुणी विचारतं, "पण हा मिळाला कुठं तुम्हाला?" मी म्हणतो, "घरातच होता." हेही खरं आहे. इतकं सांगून मी चहाचा विषय काढतो.

पंचाहत्तरी उलटली. उरलेलं आता लिहून टाकतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही पनवेलला वडाळे तळ्याच्या बाजूला एका दुमजली इमारतीत राहत होतो. वरच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं आणि समोरून एक सामाईक गॅलरी. मी, माझी बायको सुनंदा, दोन मुलं आणि माझे वडील तात्या असे आम्ही मधल्या खोल्यांत. टोकाच्या खोल्यांत घरत नवरा-बायको. ते उरणकडच्या गावचे, पनवेलच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे भोंग्यातून सांगणारा जो आवाज साऱ्या पनवेलच्या कानात बसला होता, तो आवाज म्हणजे घरतभाऊ.

माईकपुढे ते पुस्तकातल्यासारखं बोलत. "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी." माईक बंद केला की लगेच गावची बोली. "च्या सांग रे, घसा सुकला." त्यांची बायको म्हणायची, "ह्यांच्या तोंडात दोन मानसं हायत. घरी येतो तो माजा."

सकाळची ड्यूटी असो वा दुपारची, दाढी रोज आणि गॅलरीतच. खिळ्याला हातभर आरसा टांगायचा, स्टीलच्या वाटीत साबण, कठड्यावर गरम पाण्याचा तांब्या आणि तुरटीचा खडा. ब्रश असा काही फिरवत की वाटीत साबण घोटण्याचा आवाज तिन्ही घरांत जायचा. मग रेझर. दोन ओढी झाल्या की वाटीच्या काठावर टक टक. आमच्या मुलांची शाळेची वेळ त्या टकटकीवर चालायची.

मी तेव्हा तळोज्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. नवीन वस्तूंची हौस होती. मुंबईहून दोन पात्यांचा रेझर आणला होता, आणि कंपनीची बस यायच्या आत बेसिनपुढे चार फटकाऱ्यांत मोकळा व्हायचो. घरतभाऊंनी एकदा दारातून पाहिलं.

"वसंतराव, तुमी दाढी करता का दाढी उरकता?"

"वेळ कुठंय घरतभाऊ. आणि तुम्हाला तरी एवढी कशाला लागते? माईकवर कुणाला दाढी दिसते?"

"दिसत नाय, ऐकू येते," ते गंभीरपणे म्हणाले. "दाढी वाढलेला मानूस बोलला का पब्लिकला वाटतं गाडी लेट हाय."

त्यांचा एक दंडक होता. एका माणसाचा रेझर दुसऱ्याला लावायचा नाही. पातं नवं घातलं तरी नाही. "दातन देतो का आपन कुनाला वापराला?" असं विचारायचे. या दंडकापायी घडलेली एक गोष्ट स्टँडवर पुष्कळ दिवस सांगितली जायची. एका लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी वाटेत बंद पडली आणि नवरदेव पनवेल स्टँडवर उतरला तो रात्रभरच्या जागरणानं आणि दाढीच्या खुंटांनी आजाऱ्यासारखा दिसत होता. मुहूर्त जवळ आलेला. सलूनवाल्याची सुटी. नवरदेवाचा मामा नियंत्रकाच्या केबिनीत येऊन हातघाईवर आला. घरतभाऊंचा स्वतःचा रेझर केबिनीत होता, पण तो त्यांनी दिला नाही. समोरच्या दुकानातून नवा आणवला, नवरदेवाला टाइमकीपरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाढी करायला घेतली. मधेच गाडी लागली. एका हातात फेसाळलेला ब्रश, दुसऱ्या हातात माईक. "महाडकडे जाणाऱ्या प्रवाशांनी..." एवढं बोलून त्यांनी खाली पाहिलं आणि माईक बंद करायचं विसरून म्हणाले, "हलू नको रे, नवरीला कान दोन दाखवायचे हायत." सगळा स्टँड हसला. जाताना तो रेझर त्यांनी नवरदेवाच्या खिशात घातला. "आमचा आहेर."

तात्यांना पक्षाघात झाला त्याच्या पुढच्या वर्षी. उजवी बाजू गेली. तात्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. गुळगुळीत दाढी केल्याशिवाय ते गॅलरीतसुद्धा येत नसत. आता पडून होते आणि तोंडातून शब्द निघाला तरी त्याचा आकार विरघळलेला असायचा. न्हावी घरी बोलावला, तर तो तात्यांच्या अंगावरून माझ्याशी बोलत राहिला, कोपऱ्यातल्या कपाटाला रंग द्यावा तसा. तात्यांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. पांढरे खुंट वाढू लागले.

घरतभाऊ भेटायला आले, खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "तात्या, गाडी लेट दिसते."

तात्या हसले. अर्धाच चेहरा हसला, पण हसले.

दुसऱ्या दिवशी ते एक नवा रेझर घेऊन आले. पोलादी, जाड मुठीचा. सुनंदाला म्हणाले, "वहिनी, हा तात्यांचा. माज्या घरी न्यायचा नाय, हितंच फळीवर ऱ्हाईल. पातं मी दर वेळी नवं आनीन." सुनंदानं औषधांच्या बाटल्यांशेजारी त्याला जागा केली.

त्यानंतर एक दिवसाआड ते यायचे. आधी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. गरम पाण्यातला पंचा पिळून तात्यांच्या तोंडावर ठेवायचे आणि तोवर गप्पा. डावा गाल सोपा होता. उजव्या गालाला जोर नव्हता, तो आत बसायचा आणि पातं लावायला जागाच मिळायची नाही. तेव्हा घरतभाऊ उजव्या बाजूनं आपलं बोट तात्यांच्या तोंडात घालायचे आणि आतून गाल हलकेच उचलून धरायचे. दुसऱ्या हातानं रेझर. "वजन रेझरला हाय," ते म्हणायचे, "आपल्या हाताला नको. त्याला नुस्तं जाऊ द्यायचं." तात्यांची लाळ त्यांच्या मनगटावर यायची. ती ते आपल्या पंच्याला पुसायचे आणि बोलणं चालू ठेवायचे. मी दारात पेपर घेऊन उभा असायचो. बोट तोंडात गेलं की मी पेपरात बघायचो.

तात्यांचं बोलणं त्यांना कसं कळायचं, हे मला समजत नव्हतं. माझ्याशी तात्या फक्त "हं" म्हणायचे. घरतभाऊंना ते कचेरीतल्या जुन्या भानगडी सांगायचे, तुटक, चिखलातून पाय काढावा तसे, आणि घरतभाऊ मधेच विचारायचे, "मंग तो सर्कल आफिसर काय म्हनला?" म्हणजे खरंच कळत होतं. मी एकदा म्हटलं, "तुम्ही अंदाजानं मान हलवता ना?" ते म्हणाले, "भोंग्यातून सगळ्यांचाच आवाज असा येतो, वसंतराव. सवय हाय."

घरतभाऊंचा एक मेहुणा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. तो आजारी पडून गावी आला, दिवसेंदिवस वाळत गेला. रक्तातून पसरणाऱ्या एका नव्या रोगाची पत्रकं तेव्हा नुकतीच दवाखान्यांच्या भिंतींवर लागली होती, आणि लोक त्याचं नाव आवाज खाली करून घ्यायचे. मेहुण्याला नेमकं काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. साप्ताहिक सुटीला घरतभाऊ गावी जायचे आणि त्याचीही दाढी करायचे, त्याच्या रेझरनं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. "चेहरा बरा दिसला का मानसाला जरा पन बरं वाटतं," असं आमच्याच गॅलरीत उभं राहून सांगायचे.

एका रविवारी दाढी झाली, तुरटी फिरवून झाली, आणि तात्या स्वच्छ म्हणाले, "घरत."

कितीतरी महिन्यांतला पहिला पूर्ण शब्द. सुनंदा स्वयंपाकघरातून पळत आली. "तात्या बोलले. ऐकलंत का? तात्या बोलले." तिचे डोळे भरले. घरतभाऊ तात्यांच्या कपाळावर हात ठेवून बसले होते. मी "वा" म्हणालो आणि पिशवी घेऊन दूध आणायला खाली उतरलो.

दुधाच्या केंद्रावर आमच्याच आळीतले चार जण होते. कुणीतरी तात्यांची चौकशी केली. मी म्हणालो, "आहेत बरे. पण काळजी वाटते. घरत तिकडे त्या मेहुण्याची दाढी करतात आणि इकडे तात्यांची. एकच रेझर घरोघर फिरतो."

हे वाक्य मी बोललो तेव्हा तात्यांचा रेझर आमच्या फळीवर होता. घरातून निघताना मी तो पाहिला होता.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य परत माझ्याकडे आलं, दुसऱ्यांच्या तोंडून आणि बरंच मोठं होऊन. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन म्हणाले, "तुम्ही कसे काय त्यांना घरात घेता?" मग मला पुढचं पाऊल टाकावंच लागलं, किंवा तसं मी स्वतःला सांगितलं. घरतभाऊ आले तेव्हा मी दारातच उभा राहिलो.

"घरतभाऊ, आता दाढीचं राहू द्या. मी बघेन."

"कुनी काय बोललं का?"

"लोक बोलतायत."

"लोक बोलनारच. तुमी काय म्हनता?"

मी म्हणालो, "घरात लहान मुलं आहेत."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. दारातून फळी सरळ दिसायची. मला वाटलं आता ते बोट दाखवतील. ते म्हणाले, "बरं. तात्यांना सांगा, घरतची ड्यूटी बदलली."

स्टँडवर काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. कँटीनमध्ये त्यांचा ग्लास वेगळा ठेवू लागले. केबिनीतला आरसा कुणीतरी काढला. कंडक्टर लोक एकमेकांना "घरतकडून दाढी करून घे" असं चेष्टेनं म्हणायचे. घरतभाऊंनी कुणालाही खुलासा केला नाही. तो करायचा तर "वसंतराव खोटं बोलतात" असं म्हणावं लागलं असतं. भोंग्यातला आवाज तसाच होता. प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी.

इकडे मी माझा दोन पात्यांचा रेझर घेऊन तात्यांच्या खाटेवर बसलो. फळीवरचा घ्यायला हात गेला नाही. डावा गाल कसाबसा झाला. उजवा आत बसलेला. त्याला बाहेर काढायचं तर एकच उपाय होता, आणि तो मला माहीत होता. मी बोट तात्यांच्या ओठांपर्यंत नेलं. आत घालवेना. माझ्या बापाचं तोंड होतं ते. मी बाहेरूनच कातडी ताणली, रेझर ओढला आणि ओठाच्या कोपऱ्याशी कापलं. रक्त पांढऱ्या फेसात पसरलं. तात्यांनी तोंड मिटलं. पुन्हा मी साबण घेऊन गेलो की ते भिंतीकडे वळायचे.

पण सकाळी गॅलरीत टक टक सुरू झाली की त्यांचे डोळे दाराकडे जायचे. आवाज थांबेपर्यंत तिथंच असायचे. "ड्यूटी बदलली त्यांची," मी सांगायचो. "हं," तात्या म्हणायचे.

तात्या गेले तेव्हा त्यांची दाढी छातीला टेकत होती. तिरडी जिन्यावरून उतरवताना घरतभाऊ खाली भिंतीला लागून उभे होते. त्यांनी तात्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. स्मशानापर्यंत ते मागून आले. त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली होती.

मी सुतक वगैरे मानत नाही असं तेव्हा सांगायचो. तिसऱ्या दिवशी जे करायचं ते एकत्र उरकलं आणि चौथ्या दिवशी दाढी करून कामावर गेलो. बाहेरच्या कंपनीची माणसं येणार होती. तात्यांना जाऊन सात-आठ दिवस झाले असतील, मी स्टँडवरून जात होतो, तर केबिनीबाहेर चार-पाच ड्रायव्हर-कंडक्टरांत घरतभाऊ उभे. गालांवर पांढरे खुंट वाढलेले. मी त्यांना कधीच असं पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, माणूस रुसला आहे, मला दाखवतो आहे. मी थांबलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काय घरतभाऊ, आता स्वतःलाही पातं लावायची भीती वाटते की काय?"

ते सगळे हसले. घरतभाऊ म्हणाले, "नाय. जरा थांबलोय."

दोन-तीन दिवसांनी सकाळी गॅलरीतून टक टक ऐकू आली. त्या दिवशी कामावरून परतलो तेव्हा सुनंदा दारातच होती.

"घरतवहिनी डबा परत द्यायला आल्या होत्या," ती म्हणाली. "सांगत होत्या, आज ह्यांनी दाढी केली. तात्यांचे दहा दिवस पाळले म्हणे."

मी बूट काढत होतो.

"कुणाला सांगू नको म्हणाले होते ते. वहिनींच्या तोंडून निघून गेलं." आणि मग, स्वयंपाकघरात वळता वळता, "तुम्ही चौथ्या दिवशी केलीत."

ती पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही.

घरतभाऊंनी पुढे उरणला बदली मागून घेतली. मेहुण्याकडे बघायला गावी कुणी नव्हतं. त्यांचं सामान टेंपोत भरलं गेलं त्या सकाळी मी बाथरूममध्ये नळ सोडून उभा होतो. बाहेरून आवाज आला, "येतो वहिनी. वसंतराव दाढी करतायत वाटतं? करू द्या."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. काही वर्षं गेली होती. बंदरावरच्या एका कचेरीतलं काम आटोपून मी उरण स्टँडवर आलो आणि भोंग्यातून तो आवाज ऐकला. केबिनीच्या काचेपलीकडे ते बसले होते, केस पूर्ण पांढरे, हनुवटी स्वच्छ. खिडकीच्या आत आरसा टांगलेला होता. मी फलाटाच्या खांबाआड उभा राहिलो. काय बोलायचं ते मनात जुळवलं. फार मोठं नव्हतं, तीन छोटी वाक्यं होती. खांबापासून केबिनीपर्यंत जायला मला ती पुरेशी होती, पण पाय उचलायच्या आत गाडी आली आणि मी तिच्याकडे वळलो. गाड्या त्या मार्गावर पुष्कळ होत्या. ती सोडता आली असती.

"पनवेलकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे," भोंगा म्हणाला. "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी." मग जरा थांबून, माईकवर मी त्यांच्याकडून कधी न ऐकलेल्या घरच्या बोलीत: "वसंतराव, उजवीकडं बसा. डावीकडं ऊन लागंल."

मी उजवीकडे बसलो. गाडी केबिनीवरून गेली तेव्हा ते पुढच्या गाडीची पाटी वाचत होते, चष्मा कपाळावर सरकवून.

ते गेल्याचं मला एका कंडक्टरकडून कळलं, तेही फार उशिरा. खारघरला यायच्या आधी सामान बांधताना सुनंदाच्या कपाटात तात्यांच्या पंच्यात गुंडाळलेला रेझर सापडला. तिनं तो इतकी वर्षं टाकला नव्हता, आणि मला दाखवलाही नव्हता. आता मी रोज त्यानं दाढी करतो. हात चालेनासा होतो तेव्हा वजन त्याचं त्याला राहू देतो. शक्यतो कुठं कापत नाही. दात गेल्यामुळे उजवा गाल आत बसतो. मग मी हात धुतो, बोट तोंडात घालतो आणि आतून गाल उचलून धरतो.

खांबाआड जुळवलेली ती तीन वाक्यं अजून तशीच आहेत. घरतभाऊ, तात्यांचा रेझर आमच्याच फळीवर होता. मी तो पाहून खाली उतरलो होतो. मला माफ करा.